‘साइज दहावा भाग, क्वालिटी तीच’ म्हणणाऱ्या फॉरवर्डबद्दल

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: ‘लग्नाच्या जुन्या डीव्हीडी एच.२६५ मध्ये करून घ्या. बिटरेट ५०० फिक्स ठेवा, रिझोल्यूशन फोर-के करा. साइज दहावा भाग, क्वालिटी तीच. मग डिस्क टाकून द्या.’

एच.२६५ म्हणजे व्हिडिओ दाबून (कॉम्प्रेस करून) लहान करायची एक पद्धत. मेसेजमधलं साइजचं गणित बरोबर आहे. दोन तासांचं लग्न ४.७ जीबीच्या डिस्कवर बसवलं की सेकंदाला साधारण ५ मेगाबिट पडतात; हाच बिटरेट. ५०० किलोबिट म्हणजे त्याचा दहावा हिस्सा. बाकीचं मात्र एकेक करून बघायला हवं.

‘बिटरेट ५०० फिक्स ठेवा’

सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबणारं सॉफ्टवेअर, जागा वाचवतो ती मागच्या फ्रेममधलं न हललेलं चित्र तसंच पुढं वापरून. जे हललं तेवढंच नव्यानं लिहितो. मंगलाष्टकं चालू असताना कॅमेरा स्टँडवर, अंतरपाट स्थिर, माणसं उभी. तेव्हा लिहायला फारसं काही नसतं. मग ‘सावधान’ होतं आणि चारी बाजूंनी अक्षता पडतात. प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेला, वर व्हिडिओवाल्याच्या लाइटची चकाकी. मागच्या फ्रेममधलं जवळजवळ काहीच कामाला येत नाही. त्या चार सेकंदांना एरवीच्या कित्येक पट बिट लागतात, आणि तुम्ही तर हात बांधून ठेवलेत. मग नवरा-नवरीच्या तोंडावर चौकोन उठतात, तेही ज्या क्षणासाठी कॅसेट जपली त्याच क्षणी. पुढं तासभर आहेर चालतो, त्याला तेवढ्या बिटांची गरजच नसते. चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत भंडारा उधळतानाचं शूटिंग असेल किंवा आपल्याकडच्या शिवजयंतीच्या चित्ररथांची रात्रीची मिरवणूक, तर विचारूच नका. धूर, अंधार आणि गर्दी एकदम.

म्हणून बिटरेट नाही, क्वालिटी ठरवायची. हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ‘आरएफ’ची पट्टी असते. एच.२६४ (एच.२६५ च्या आधीची पद्धत) साठी ती ० ते ५१. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं. हे उलटं असल्यानं खूप जण फसतात. साधारण ६ नं आकडा खाली आणला की फाइल दुप्पट होते. डीव्हीडीच्या दर्जाच्या चित्राला हँडब्रेकवाले स्वतः १८ ते २२ सुचवतात; मी २० लावतो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं शूटिंग असेल तर १८. फाइल केवढी होईल ते आधी कळत नाही. नको कळू दे. अमुक एवढ्याच जागेत बसवायची असेल तर टू-पास करा (एन्कोडर आधी सगळा व्हिडिओ बघून मग बिट वाटतो), नाहीतर त्याच्या वाटेला जाऊ नका.

आणि पूर्ण दोन तास चालवून बघायचीही गरज नाही. अक्षतांचं एक मिनिट कापा, १८, २० आणि २२ वर करा, टीव्हीवर लावा.

‘एच.२६५ मध्ये करा’

करा, हरकत नाही. पण २०१३ च्या या फॉरमॅटचा खरा फायदा मोठ्या रिझोल्यूशनवर दिसतो; डीव्हीडीएवढ्या चित्रावर फरक कमी. शिवाय काकांच्या हॉलमधला जुना टीव्ही पेनड्राइव्हवरून ते वाजवेलच असं नाही. एच.२६४ जवळपास सगळीकडं चालतं. दोन्हींच्या आरएफची मोजपट्टी मात्र वेगळी: एक्स२६५ (एच.२६५ चा एन्कोडर) मध्ये मुळात २८ असतं, एक्स२६४ (एच.२६४ चा) मध्ये २३. तो २८ उचलून एच.२६४ ला लावू नका.

‘फोर-के करा’

आपल्याकडची पाल (आपल्याकडं चालणारी टीव्हीची पद्धत) डीव्हीडी ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० पिक्सेल. फोर-के म्हणजे ८२,९४,४००. बरोबर वीसपट! वीस पिक्सेलांतला एक खरा, एकोणीस अंदाजाचे. आणि ती डिस्क व्हीएचएस कॅसेटवरून केली असेल तर तो एकसुद्धा धड खरा नाही. चित्र मोठं करून दाखवायचं काम टीव्ही करतोच. ७२० गुणिले ५७६ तसंच ठेवा.

त्यापेक्षा मेसेजमध्ये जे नाहीच ते सांगतो. जुनं शूटिंग इंटरलेस्ड असतं: सेकंदाला ५० अर्ध्या फ्रेम, एक सम ओळींची, एक विषम ओळींची. वरातीत नाचणाऱ्यांच्या हातांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात त्या यामुळं. फिल्टरमध्ये डीइंटरलेस चालू करा, ‘बॉब’ पर्याय निवडा आणि फ्रेमरेट ५० ठेवा. २५ वर आणलंत तर निम्मी हालचाल गेली.

‘क्वालिटी तीच’

मोबाइलच्या स्क्रीनवर तीच दिसते, कबूल. टीव्हीवर आजीच्या इरकल लुगड्याच्या काठाकडं बघा. बारीक वीण पुसून सपाट पट्टा झालेला असतो. डीव्हीडीवरचं चित्र आधीच दाबलेलं असतं; ते पुन्हा दाबलं की काहीतरी जातंच, कुठल्याही आकड्यावर; चांगल्या आकड्यावर ते डोळ्याला जाणवत नाही, एवढंच. वर ती फाइल व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून टाकली की तिसऱ्यांदा दाबली जाते. पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

‘डिस्क टाकून द्या’

हे वाचून मात्र राग आला. घरी राइट केलेल्या डिस्कचा रंगथर उष्णतेनं, दमटपणानं खराब होतो, आणि खानापूरचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळं डिस्कवर कायमचा भरवसा ठेवू नये हे खरं. पण म्हणून दाबलेली प्रत हेच मूळ समजायचं? आधी डिस्कवरचं व्हिडिओ टीएस फोल्डर, आतल्या व्हीओबी फाइलींसकट (खरा व्हिडिओ त्यांतच असतो), काही न बदलता हार्डडिस्कवर कॉपी करा. एक टीबीच्या हार्डडिस्कमध्ये भरगच्च अशा दोनशेवर डीव्हीडी मावतात. आख्ख्या भावकीची लग्नं धरली तरी एवढ्या भरायच्या नाहीत. अशा दोन हार्डडिस्क दोन घरांत ठेवा, आणि आरएफ २० ची फाइल ग्रुपवर फिरू दे.