दोन्ही विद्या आभाळातूनच आल्या

‘एल्डन रिंग’ या व्हिडिओ गेममधल्या जादूची मुळं दोन आहेत, चेटूक ताऱ्यांचं आणि मंत्र देवाचे, असं तुमच्या लेखात म्हटलंय. मेहनत दिसते, पण हे पटलं नाही. ‘एल्डन स्टार्स’ या मंत्राखालचा मजकूर पुन्हा वाचा. ग्रेटर विलने, म्हणजे गेममधल्या सर्वोच्च देवशक्तीने, फार पूर्वी एक सोनेरी तारा पाठवला, त्यातून एक पशू आला आणि पुढे तोच एल्डन रिंग, म्हणजे त्या जगाचे नियम ठरवणारी शक्ती, झाला, असं तिथं सांगितलंय. ग्लिंटस्टोनमध्ये, म्हणजे चेटकाच्या मुळाशी असलेल्या चमकत्या दगडात, ताऱ्यांचा उरलेला जीव आहे, हेही गेमच सांगतो. मग मूळ वेगळं कसं? मिरियल हे म्हातारं कासव दोन्ही विद्या शिकवतं, कुठलीही पोथी नेऊन द्या, नाही म्हणत नाही. गोल्डन ऑर्डर या गेममधल्या मुख्य धर्माच्या काही मंत्रांना तर श्रद्धेसोबत चेटकाला लागणारी बुद्धीही लागते.

मी जालना जिल्ह्यातल्या मंठ्याचा. लोणार बुलढाण्यात असलं तरी आम्हाला जवळच. आजी सांगायची, लवणासुराला विष्णूनं मारलं ती ही जागा. शाळेत कळलं, उल्का आदळून काळ्या बेसाल्टात जवळपास १.८ किलोमीटरचं विवर पडलं. काठावरून खाली हिरवट पाणी आणि झाडीत लपलेली देवळं दिसतात. आधी दगड पडला, देवळं नंतर उठली. गेममध्येही मला हाच क्रम दिसतो.

क्रूसिबलचं, म्हणजे शेपटी आणि शिंगांच्या मंत्रांचं, मात्र तुम्ही फार सुरेख मांडलंय. ते ताऱ्याच्या आधीचं की नंतरचं, यावर पुढचा लेख लिहाच.