"कुठलीही डीडीआर३ चालेल" म्हणे! डोंबलाची चालते!

जुन्या पीसीसाठी डीडीआर३, म्हणजे जुन्या पिढीची रॅम मागितली की विकणाऱ्यांचं ठरलेलं उत्तर: "डीडीआर३ ना? कुठलीही चालेल." अरे, नाही चालत! खाच जुळते, क्लिपा खटकन बसतात, पंखा फिरतो आणि स्क्रीन काळी ती काळीच. वर तोंड करून सांगायचं, "मदरबोर्ड गेलाय तुमचा."

मदरबोर्डला धाड भरलेली नसते. इंटेलच्या जुन्या जी४१ चिपसेटचे बोर्ड अजून वापरात आहेत. त्यातला मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅम हाताळणारा भाग, २ गिगाबिटपेक्षा मोठी चिप ओळखत नाही. ४ जीबीची स्टिक (रॅमची पट्टी) म्हणजे ३२ गिगाबिट (एका बाइटचे ८ बिट), म्हणजे २ गिगाबिटच्या १६ चिपा, दोन्ही बाजूंना आठ-आठ. तिच्या स्टिकरवर '२आरएक्स८' (८ बिटी चिपांचे दोन गट) लिहिलेलं हवं. गळ्यात मारतात ती '१आरएक्स८': एकाच बाजूला ८ चिपा, प्रत्येकी ४ गिगाबिटची. ती निम्मी दिसते, नाहीतर पीसी बीप मारत बसतो. ८ जीबीची एकच स्टिक तर जी४१ वर विसराच, पहिल्या पिढीच्या आय३-आय५ वरही तीच रड.

आणि स्पीडचं कसलं कौतुक सांगता? जी४१ ची अधिकृत मर्यादा १०६६. तिथे १६०० ची स्टिक लावली तरी ती खालच्याच स्पीडने पळणार, दोन वेगळ्या लावल्या तर मंद असेल तिच्या चालीने. त्या १६०० साठी जादा पैसे कशाचे घेता?

सर्वांत संताप येतो तो 'फक्त एएमडी'वाल्या स्वस्त स्टिकांचा. त्यांच्यावर एक्स४ रचनेच्या, म्हणजे ८ ऐवजी ४ बिटी चिपा असतात, इंटेलचे डेस्कटॉप बोर्ड त्या घेत नाहीत. ही ओळ जाहिरातीत तळाला, बारीक अक्षरात! सर्व्हरमधून काढलेल्या '१०६००आर' स्टिकाही अशाच खपवतात. शेवटचं अक्षर 'आर' (रजिस्टर्ड, सर्व्हरची रॅम) असेल तर ती साध्या पीसीत चालणारच नाही, तिथे 'यू' (अनबफर्ड) लागतं.

गिऱ्हाईक बिचारं खोडरबरने सोनेरी पट्ट्या घासतं, मदरबोर्डवरचा सेल काढून बायोस (बोर्डाच्या मूळ सेटिंग्ज) रिसेट करतं, एकेक स्लॉट बदलून बघतं. दोष त्याचा नाहीच! चिपच चुकीची असेल तर घासून काय होणार?

स्टिकरचा फोटो मागितला की म्हणतात, "सेमच आहे हो." सेम आहे ना? मग फोटो पाठवायला काय होतं?