फॅमिली मॅनमधून फॅमिलीच काढून टाकली का बाप्पा?

(स्पॉयलर आहेत. ज्यांचा तिसरा सीझन बघायचा राहिला त्यांनी आधी बघून घ्या, मग या.)

आज लंचला ऑफिसमध्ये प्राइम व्हिडिओवरच्या फॅमिली मॅन या हिंदी सिरीजचा विषय निघाला, निघणारच होता, शुक्रवारी 21 नोव्हेंबर 2025 ला तिसरा सीझन आला आणि आज सोमवार. आमच्या टेबलवरचा एक पोट्टा, हुशार आहे, कामाचा आहे, म्हणतो काय, "मॅडम, मी तर दोन रात्रीत उडवला, घरचे सीन आले की सरळ पुढे ढकलत होतो, काहून एवढे टाकून राहिले काय माहीत." सगळे हसले, दोघातिघांनी माना डोलावल्या, मी पण मी पण. मला इतका संताप आला की मी डबा बंद करून उठून गेले.

संध्याकाळपर्यंत डोक्यातून जाईना म्हणून लिहून राहिले.

राग त्या पोट्ट्याचा नाही. राग याचा आहे की या वेळी बनवणाऱ्यांनीच त्याला ती सोय करून दिली. पहिल्या सीझनमध्ये घरचे सीन पुढे ढकलून दाखवा बरं. श्रीकांत तिवारी, म्हणजे सिरीजचा गुप्तचर हिरो, तेव्हा श्रीकांत होता तो घरामुळे. घराच्या कर्जासाठी हातपाय मारणारा, मुलीच्या शाळेतून बोलावणं आलं की खिशातला थरथरणारा फोन दाबत प्राचार्यांसमोर बसणारा, बायकोशी धडधडीत खोटं बोलणारा आणि ते खोटं तिला कळतंय हे माहीत असूनही बोलत राहणारा. एजंट काय, शेकडो पडलेत, उंच उड्या मारणारे, सूटबूट घालणारे. आपण सगळे 2019 ला याच्या प्रेमात पडलो ते हा माणूस आपल्या बिल्डिंगमधला वाटला म्हणून.

आणि मला तर तो आमच्या घरातलाच वाटला.

माझे बाबा ऑर्डनन्समध्ये, म्हणजे दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीत होते. ज्यांचं लहानपण फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये गेलं त्यांना वेगळं सांगायला नको. आत काय बनतं हे घरी बोलायचं नाही, आम्हीही विचारायचं नाही. शाळेत कोणी विचारलं वडील काय करतात, तर "सर्व्हिसला आहेत", संपलं. मी चौथी-पाचवीत असेन, एके दुपारी भोंगा वाजला. भोंगा रोजचाच होता, पाळी सुटायचा, त्यावर घरोघरची घड्याळं लावायची लोकं. पण हा भलत्याच वेळी वाजला आणि वाजतच राहिला. लाइनीतल्या सगळ्या काकू आपापल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. कोणी रडलं नाही, कोणी कोणाला काही विचारलं नाही, नुसत्या उभ्या. आई कणीक भिजवता भिजवता उठून आली होती, तिच्या बोटांवरची कणीक वाळून पांढरी झाली, तिला भेगा पडल्या, तरी तिने हात धुतले नाही. बाबा रात्री आले. सायकल भिंतीला टेकवली, डबा मोरीत ठेवला, हातपाय धुतले, पाटावर बसले आणि मला म्हणाले, "उद्या कायचा पेपर आहे?" आईने वाढलं. तिने एक शब्द विचारला नाही. खरंच काही झालं होतं की नुसती ड्रिल होती, मला आजपर्यंत माहीत नाही.

हे मी का सांगून राहिले? कारण थरार कुठे असतो याची माझी समज त्या दारात तयार झाली. फॅक्टरीच्या आत जे काय झालं असेल ते असो, मी बघितलं ते आईचे हात. आणि ही सिरीज पहिल्यांदा मला तेच दाखवत होती. दुसऱ्या सीझनला श्रीकांत आयटी कंपनीत नोकरी धरतो, तो कालचा पोरगा बॉस बनून त्याला अक्कल शिकवतो, इकडे नवराबायको समुपदेशकासमोर बसतात आणि दोघंही खरं सोडून सगळं बोलतात. आसिफ बसरा होते त्या समुपदेशकाच्या भूमिकेत, केवढा छोटा रोल आणि काय करून गेला माणूस. त्याच सीझनमध्ये समोरच्या बाजूने समांथाची बंडखोर राजी होती, बसमध्ये, कारखान्यात, सगळीकडून दाबली गेलेली, तोंडातून शब्द न काढता नुसत्या डोळ्यांनी काम केलं तिने. म्हणजे दोन्ही बाजूंना माणसं होती. आणि शेवटी श्रीकांतची बायको सुची काहीतरी सांगायला तोंड उघडते आणि तिथेच सीझन संपतो. जून 2021. चार वर्षांहून जास्त मी त्या वाक्याची वाट पाहिली हो! त्या वाक्याच्या तोलाचा एक सीन मला या तिसऱ्या सीझनमध्ये मिळाला नाही.

काय मिळालं? पळापळ. पहिल्याच टप्प्यात नागालँडमध्ये हल्ला, कुलकर्णी साहेब जातात. दलीप ताहिलांचा कुलकर्णी! पहिल्या सीझनपासूनचा साहेब, श्रीकांतला वडिलांसारखा, आणि त्याचं दुःख करायला श्रीकांतला फुरसतच नाही कारण त्याच्यावरच संशय येतो आणि तो फरार होतो. मग बायको, पोरं घेऊन पळ. मला वाटलं, आता मजा आहे, आता हे चौघं एका गाडीत अडकले, आता इतक्या वर्षांचं सगळं बाहेर पडणार. बाप काय काम करतो हे पोरांना पहिल्यांदा कळतं. अरे हा क्षण! याच्यासाठी तर सिरीज उभी केली होती तुम्ही! मला माझ्या बाबांनी त्या रात्री समोर बसवून सांगितलं असतं की आज हे झालं, तर मी काय केलं असतं, हसले असते का? इथे त्याचा मुलगा अथर्व, त्याच्या तोंडी विनोद येतात आणि गाडी पुढे. धृती, जिचं मागच्या सीझनला अपहरण झालं, जिने स्वतःच्या डोळ्यांनी रक्त पाहिलं, ती मुलगी आपल्या बापाचं खरं काम ऐकते तेव्हा तिच्या आत काय काय जोडलं जात असेल! पाच मिनिटं द्यायची होती तिला. नुसती शांत पाच मिनिटं. त्यानंतर सुची आणि पोरं म्हणजे सामान झालं, इकडून उचल तिकडे ठेव. प्रियामणीसारखी नटी हाताशी असून तिला काळजीचा चेहरा करून फोनची वाट बघायला लावली.

जयदीप अहलावत भारी आहे. मान्य. रुक्मा म्हणून तो स्क्रीनवर आला की दुसरीकडे बघवत नाही. गंमत बघा, याच वर्षी जानेवारीत पाताल लोकच्या दुसऱ्या सीझनमध्ये हाच माणूस दिल्लीचा पोलीस बनून नागालँडला गेला होता आणि आता तिथलाच तस्कर बनून आला, आणि दोन्ही माणसं इतकी वेगळी की चालण्यातसुद्धा कुठे सारखेपणा नाही. आणि खरं सांगू का, या सीझनला फॅमिली मॅन कोण असेल तर हा रुक्मा आहे. त्याची ती मैत्रीण मारली जाते आणि तिचं पोरगं याच्या गळ्यात पडतं. हा माणूस मारेकरी, त्याला लेकराशी बोलायचं कसं तेही माहीत नाही, आणि ते पोरगं त्याच्या मागे मागे. या दोघांचे सीन आले की मी सरसावून बसायची. म्हणजे यांना येतं! यांना अजूनही येतं सगळं! मग श्रीकांतच्या वाट्याला का नाही? व्हिलनला घर दिलं आणि हिरोचं काढून घेतलं.

निमरत कौरची मीरा मला लंडनमध्ये बसून फोन फिरवणारी बाई यापलीकडे समजलीच नाही. विजय सेतुपती येऊन जातो, यांच्याच फर्जी या दुसऱ्या सिरीजचा धागा जोडतात, लोकांनी टाळ्या वाजवल्या असतील, मी नाही वाजवल्या. त्या वेळात श्रीकांतचा मित्र-सहकारी जेके आणि श्रीकांतला एका टपरीवर बसवलं असतं तर जास्त आवडलं असतं मला. शारिब हाश्मीचा हा जेके तळपदे ही या सिरीजची दुसरी जान आहे, एवढा साधा मराठी माणूस, मित्रासाठी नोकरीवर पाणी सोडायला तयार, आणि तरी ते कधी डायलॉगमध्ये बोलून दाखवत नाही. आणि श्रीकांत झालेल्या मनोज वाजपेयीबद्दल मी काय लिहू. थकलेला माणूस थकल्यासारखा दिसणं हे किती कठीण असतं. तो आहे म्हणून मी शेवटपर्यंत गेले.

नागालँड सुंदर दिसतं, तिथली माणसं तिथल्या बोलीत बोलतात, हेही मान्य, मुंबईच्या सेटवर डोंगर उभा केला नाही त्यांनी. पण पहिल्या सीझनला काश्मीर नुसतं दिसायला नव्हतं. तो करीम आठवतो का, कॉलेजचा पोरगा, अतिरेकी समजून ज्याला मारलं आणि नंतर सत्य दाबलं? ते ओझं श्रीकांत सीझनभर वाहत होता, आपणही वाहत होतो, मी तर आजही वाहते. इथे 1963 पासून राज्य असलेला, नागा गटाशी केंद्राने केलेल्या 2015 च्या करारानंतरही बोलणी लटकलेला प्रदेश आहे, तिथल्या लोकांच्या मनात काय आहे हे सांगायची एवढी मोठी संधी होती. तिथली कोणती एक व्यक्ती करीमसारखी मनात राहिली, सांगा मला कोणीतरी.

आणि तो शेवट! पहिल्या सीझनला दहा एपिसोड, दुसऱ्याला नऊ, आता सात. आणि सातव्याच्या शेवटी श्रीकांत जखमी, रुक्मा मोकळा, मोठे मासे आपल्या जागी, गोष्ट मधेच बंद. विदर्भात कोणी पाहुण्याला अर्धा कच्चा रोडगा वाढून "बाकीचा पुढच्या वेळी भाजू" म्हणत नाही. क्लिफहँगर पहिल्या सीझनलाही होता, आहे लक्षात माझ्या, दिल्लीत त्या विषारी गॅसचं काय झालं याने झोप उडवली होती. पण तिथे सीझनभराचं काहीतरी पदरात पडलं होतं, प्रश्न शेवटी एकच उरला होता. इथे सगळेच प्रश्न उरले. चार वर्षं थांबवून असं करायचं नसतं लोकांना.

लिहिता लिहिता थोडी शांत झाले. मघाशी आईला फोन केला होता, तिला विचारलं, तू बघितला का. ती बघते, सगळं बघते, हिंदी सिरीज पण. म्हणाली, "त्याची बायको यावेळी काहीच बोलली नाही गं." एवढंच. माझ्या हजार शब्दांचं काम तिने एका वाक्यात केलं.

यंदा 24 जानेवारीला भंडाऱ्याच्या ऑर्डनन्समध्ये स्फोट झाला, आठ कामगार गेले. बाबा रिटायर होऊन किती वर्षं झाली, ते समोर खुर्चीत बसून पेपर वाचत होते, तरी आई दिवसभर टीव्हीसमोरून हलली नाही. मी मध्ये म्हटलं, अगं बाबा घरीच आहेत ना. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झाले. बाबांनी त्या दिवशी पेपरचं एक पान उलटलं नाही, तेच पान धरून बसले होते. त्या भोंग्याच्या दिवसाबद्दल तेव्हाही दोघं काही बोलले नाहीत. हे दोघं पन्नास वर्षं असेच राहिले, एक सांगत नाही, एक विचारत नाही, आणि दोघांनाही सगळं माहीत.

म्हणून तो पोट्टा "घरचे सीन पुढे ढकलले" म्हणाला तेव्हा मला लागलं. बंदुकीच्या गोळ्या कुठेही मिळतात बघायला, मोबाइल उघडला की मिळतात. पण नवऱ्याच्या सदऱ्यावर कसला तरी वास येतो आणि बायको तो सदरा काही न बोलता भिजत टाकते, हे दाखवायची हिंमत आपल्याकडे याच सिरीजमध्ये होती. ती हिंमत यांनी का सोडली मला समजत नाही. कोणी सांगितलं असेल की पब्लिकला वेग पाहिजे. कोणती पब्लिक? मी नाही का पब्लिक? माझी आई नाही का?

सिरीज बनवणाऱ्या राज आणि डीके, चौथा सीझन काढाल तेव्हा एक अख्खा एपिसोड सुचीला द्या. श्रीकांत त्यात दिसला नाही तरी चालेल. ती, पोरं, दार, फोन, बास. तिला चिडू द्या, तिला विचारू द्या, माझ्या आईने जे विचारलं नाही ते सगळं तिला विचारू द्या, आणि त्याला उत्तर देता येत नसेल तर त्याचा तो चेहरा मला बघायचाय.

मी तर पहिल्याच दिवशी बघणार, वाजपेयीसाठी आणि तळपदेसाठी. ज्यांना हा सीझन पहिल्या दोनपेक्षा भारी वाटला त्यांनी खाली कमेंटमध्ये या, उद्या दिवसभर भांडू, मी आहे. फक्त "अ‍ॅक्शन जास्त पाहिजे होती" हा मुद्दा घेऊन कोणी येऊ नका.