'फोटोत तर ठणठणीत दिसता' या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसले होते, पण बोटं साथ देईनात, म्हणून आज.

माझ्या आजारपणाच्या लेखावर तुम्ही तीन मुद्दे मांडलेत. पहिला मान्य. मी सगळीकडे नुसतं 'संधिवात' लिहिलं, त्यामुळे उतारवयातली गुडघ्यांची झीज आणि माझा आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो आजार), एकच वाटतात. दुरुस्ती केली आहे. आभार.

पण दुसरा मुद्दा! "ताई, राग मानू नका, पण भाचीच्या लग्नातल्या फोटोत तर तुम्ही ठणठणीत दिसता." राग मानू नका म्हटलं की काहीही बोलायची मुभा मिळते का? ओळख ना पाळख, नावसुद्धा लिहिलेलं नाही, आणि फोटोवरून माझ्या दुखण्याचा पंचनामा?

मग ऐकाच. त्या दिवशी मी पहाटे साडेचारला उठले, कारण आखडलेले सांधे सुटायलाच मला दोन तास लागतात. कोमट पाण्यात हात बुडवून बसले. नऊवारी वहिनीने नेसवली. आदल्या दिवशी चुडा भरताना कासारीणबाईंनी साबण लावून पाहिला, तरी उजव्या हाताच्या बांगड्या सुजलेल्या सांध्यांवर अडल्या त्या अडल्याच. नीट बघा, फोटोत माझा उजवा हात पदराखाली आहे. लग्नानंतर चार दिवस मी अंथरुणात होते.

भाचीने फेब्रुवारीतच विचारलं होतं, "मावशी, नक्की येणार ना?" मी "बघते" म्हणाले आणि ती रुसली. 2014 पासून मी कुणालाच 'नक्की' म्हणालेले नाही. शनिवारी रात्री मेथोट्रेक्सेट, हे माझं आमवाताचं औषध, आठवड्यातून एकदाच. रविवार मळमळण्यात जातो. यकृतासाठी ठरावीक काळाने रक्ततपासणी. एवढं सांभाळूनही एखाद्या मंगळवारी, काही कारण नसताना, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो.

निदान व्हायच्या आधी दोन वर्षं मी हेच ऐकलं, की दिसत तर काही नाही. आरए फॅक्टर, म्हणजे आमवातासाठीची रक्तचाचणी, निगेटिव्ह आला (आमवात असूनही तो काहींचा निगेटिव्ह येतो), तेव्हा एका डॉक्टरांनी "टेन्शन घेऊ नका" म्हणून परत पाठवलं. घरात मी कामचुकार ठरले. त्या दोन वर्षांत मनगटाची जी झीज झाली, ती आता भरून येणार नाही. इंटरनॅशनल असोसिएशन फॉर द स्टडी ऑफ पेन या संघटनेने 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. दुखतंय असं माणूस सांगतो, त्याचा मान राखला पाहिजे, असं त्यासोबतच्या टिपांमध्ये स्पष्ट आहे. तुम्ही मात्र फोटो बघून मोकळे झालात.

राहिला तिसरा मुद्दा: लेख वाचून नवे पेशंट घाबरतील, वेळेवर औषध सुरू झालं तर कितीतरी जण नोकरी-संसार नीट करतात. करत असतील. मी माझं लिहिते. त्यावर वाद घालायची आज ताकद नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, राहू दे. पुढच्या वेळी मात्र नाव लिहा.