पथकात नव्याने येणाऱ्या मोठ्या माणसांविषयी

जूनमध्ये शाळा उघडल्या की स्काऊट पथकात नवी मुले दाखल होतात, आणि अलीकडे त्यांच्यासोबत काही पालकही ‘आम्हाला काही मदत करता येईल का’ असे विचारत येतात. मला त्याचा मनापासून आनंद होतो. आपल्याकडची बहुतेक पथके शाळांशी जोडलेली आहेत आणि वर्गावरचे तास सांभाळून एखादा शिक्षकच त्यांचा भार वाहत असतो. त्याची बदली झाली की चांगले चाललेले पथक वर्षभरात थंडावते. म्हणून ही माणसे हवीच आहेत, मात्र त्यांनी आल्याआल्या काय करायचे याबद्दल माझे मत आग्रहाचे आहे.

स्काऊटिंगचा कणा संघपद्धती आहे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर घेतले, तेव्हाही मुलांचे चार संघ करून प्रत्येकाचे नेतृत्व त्यांच्यातल्याच एका मुलाकडे दिले होते. आजही सहा-आठ मुलांचा संघ आणि त्यांचा संघनायक हेच पथकाचे खरे एकक आहे. नवा स्वयंसेवक उत्साहाच्या भरात नेमका याच ठिकाणी आड येतो.

माझ्या हातून हे घडलेले आहे. माझ्या पहिल्याच शिबिरात संध्याकाळी पावसाची चिन्हे दिसू लागली आणि एका संघाचा तंबू काही केल्या उभा राहीना, तेव्हा मी पुढे होऊन खुंट्या ठोकल्या, दोर ताणले आणि दहा मिनिटांत तंबू उभा केला. बारा-तेरा वर्षांचा संघनायक बाजूला उभा राहून पाहत होता. त्यानंतरचे दोन दिवस त्याच्या संघातली मुले प्रत्येक गोष्ट त्याला न विचारता मला विचारू लागली, आणि त्याने सूचना देणेच सोडले. तंबू वाकडा राहिला असता, फार तर रात्री चार मुले भिजली असती. त्या मुलाचा अधिकार मात्र मी माझ्या हाताने काढून घेतला होता, आणि तो त्याला परत मिळवून द्यायला मला पुढचे सबंध सत्र लागले.

जिवाला धोका असेल तेथे थांबायचे नाही, हे उघड आहे. विहीर, नदी, चूल, कुऱ्हाड यांच्याजवळ मोठ्या माणसाची नजर हवीच. तसेच कोणत्याही प्रौढाने एखाद्या मुलासोबत एकट्याने, इतरांच्या नजरेआड राहू नये, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा. तो सांगताना संकोच वाटू देऊ नये आणि ऐकणाऱ्यानेही त्यात अविश्वास पाहू नये.

पथकप्रमुखांनाही एक विनंती आहे. नव्या माणसाला फक्त गाडी आणायला, वर्गणी गोळा करायला आणि चहा सांगायला ठेवू नका. परिचारिका असेल तर प्रथमोपचार, सुतार असेल तर लाकूडकाम, असे प्रत्येकाच्या हातातले कसब मुलांपर्यंत जाऊ द्या, आणि प्राथमिक प्रशिक्षण वर्गाला त्यांना वेळेवर पाठवा. भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये पुढे प्रगत वर्ग व हिमालय वुड बॅज या प्रौढ नेत्यांच्या प्रशिक्षणाच्या मानचिन्हापर्यंतची वाट आखलेली आहे. निव्वळ हौसेवर माणूस फार काळ टिकत नाही.

यंदा आमच्याकडे आलेल्या तिघांना मी अजून कोणतेही पद दिलेले नाही. ते दर शनिवारी एकेका संघाजवळ बसतात, मुलांची नावे पाठ करतात आणि संघनायकाने विचारल्याखेरीज सल्ला देत नाहीत. गेल्या शनिवारी एक संघनायक होकायंत्र आणि नकाशा घेऊन आपणहून त्यांच्यापैकी एका काकांजवळ जाऊन बसला.