ओलेआरियस गोव्यात आला नव्हता : एक खुलासा

‘जर्मन राजदूत आडाम ओलेआरियस 1639 मध्ये गोव्यात आला होता’ असा मजकूर सध्या फिरत आहे. त्यात दोन चुका आहेत आणि त्यामुळे एका तरुणाचे श्रेय हिरावले जाते.

ओलेआरियस राजदूत नव्हता. रेशमाचा व्यापार रशियामार्गे वळवण्यासाठी होल्श्टाइन-गॉटॉर्प या जर्मन संस्थानाच्या ड्यूकने इराणला पाठवलेल्या वकिलातीचा तो चिटणीस होता. राजदूत होते क्रूसियस आणि ब्र्यूगेमान. रशियातील निझनी नोव्हगोरोदला बांधलेले त्यांचे ‘फ्रीडरिख’ जहाज 1636 मध्ये कॅस्पियन समुद्रातील वादळात फुटले, तरीही मंडळी 1637 मध्ये इस्फहानला पोहोचली. करार काही झाला नाही, आणि ब्र्यूगेमानचा तर परतल्यावर 1640 मध्ये गॉटॉर्पला शिरच्छेद झाला. ओलेआरियस इस्फहानहून मायदेशीच परतला.

गोव्यात आला तो त्याचा सहप्रवासी योहान आल्ब्रेख्त फॉन मांडेल्स्लो. इस्फहानला वकिलातीची रजा घेऊन तो 1638 मध्ये सुरतेस उतरला आणि पुढल्या जानेवारीत गोव्यात होता. 1644 मध्ये, तिशीही गाठण्याआधी, पॅरिसला देवीच्या रोगाने तो गेला. त्याची टिपणे ओलेआरियसने संपादून छापली. घोटाळा झाला तो मुखपृष्ठावरील या संपादकाच्या नावामुळेच, असे मला वाटते.