फिरकीची चाळण की साधी चाळणी? प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फिरकीच्या चाळणीच्या, म्हणजे दांडा फिरवून पीठ चाळायच्या डब्याच्या, रचनेवर तुम्ही घेतलेले आक्षेप थोडक्यात असे: शे-दीडशे रुपयांची सपाट चाळणी घरात असताना दांडा फिरवायचं यंत्र करणं हा नसता खटाटोप आहे. बाजारच्या फिरकीत गव्हाचं पीठ घातलं की कोंडाही पिठाबरोबर खाली येतो. पावसाळ्यात ती अडकून बसते, धुवायला जमत नाही, आणि पिठात किडे असले तर ते चिरडून पिठातच जातात. शेवटी तुम्ही म्हणता, ‘केक करणाऱ्यांना ठीक आहे, पोळ्या करणाऱ्यांना नाही.’

कोंड्याचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे, कारण बाकीची निम्मी रचना त्याच्यावरच ठरते. म्हणून आधी तोच घेते.

बाजारात मिळणारी फिरकी मैद्यासाठी केलेली असते. मैद्यात कोंडा नसतोच. तिथे काम एवढंच, की गुठळ्या फुटाव्यात आणि पीठ मोकळं व्हावं. त्यामुळे तिच्यातल्या तारा जाळीला जवळजवळ घासत फिरतात, आणि मैद्याला ते चालतं. गिरणीतून आणलेल्या गव्हाच्या पिठाचं तसं नाही. कोंड्याचा एक पापुद्रा चिमटीत धरून बघा: रुंदीला एखादा मिलिमीटर, पण जाडीला कागदासारखा. सपाट चाळणी हलक्या हाताने थोपटली की हे पापुद्रे आडवे पडून वर राहतात आणि बारीक पीठ त्यांच्या मधून खाली जातं. तेच वरून तारेने घासलं की पापुद्रा उभा होतो आणि भोकातून कडेने निसटतो, नाहीतर त्याचे तुकडे होऊन खाली पडतात. जाळी कितीही चांगली घेतली तरी घासण्याने कोंडा जाणारच. तेव्हा तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, पण दोष फिरवण्याचा नाही, घासण्याचा आहे. पोळीच्या पिठासाठी फिरकी करायची तर तिने पीठ जाळीवर दाबायचं नाही, उचलून सोडायचं.

त्यासाठी रचना अशी. गोल डब्याऐवजी पन्हळीच्या आकाराची जाळी, म्हणजे अर्धा नळा: आतली त्रिज्या ५० मिमी, लांबी १४० मिमी. पन्हळ घ्यायचं कारण जाळीच्या विणीत आहे. विणलेली जाळी एकाच दिशेने वाकवली तर भोकं चौकोनीच राहतात. वाटीसारखी खोलगट दाबली तर ती कापडासारखी तिरकी ताणली जाते, काही जागी भोकं शंकरपाळ्यासारखी होतात आणि माप बिघडतं. बाजारच्या गोल बुडाच्या फिरकीतून कधी कधी एकाच बाजूने जाड पीठ येतं, त्याचं हेही एक कारण असतं.

पन्हळीच्या मध्यावरून ५ मिमी जाडीची आस जाते. तिच्यावर आसेला समांतर अशा चार दांड्या बसवायच्या, २.५ मिमी तारेच्या. त्यातल्या समोरासमोरच्या दोन जाळीजवळून फिरतात, पण मध्ये दीड मिलिमीटर फट ठेवून. उरलेल्या दोन आसेपासून ३० मिमीवर, त्या फक्त गुठळ्या फोडतात. फट अर्ध्या मिलिमीटरवर आणली की घासणं सुरू होतं, तीनच्या वर नेली की तळाशी पिठाचा थर नुसता पडून राहतो. पैसे वाचवायला तार २ मिमीची घेऊ नका. १४० मिमी लांबीवर ती मधोमध लवचिक पडते, एखादी कडक गुठळी आली की वाकून जाळीला टेकते आणि एकदा वाकली की तशीच फिरत राहते. मग सगळा हिशोब फुकट.

आता थोपटण्याबद्दल. तुम्ही लिहिलंत की हाताचा ठोका हीच चाळणीची खरी युक्ती आहे, आणि मला ते शंभर टक्के पटतं. भोकाच्या जवळपास तेवढ्याच मापाचा कण भोकात रुतून बसतो. तो फिरणाऱ्या दांडीने निघत नाही, झटक्याने निघतो. झटका नसेल तर जाळी हळूहळू बुजत जाते, पीठ येईनासं होतं, आणि मग माणूस जोर लावतो. म्हणून फिरकीतही ठोका हवाच. आसेच्या बाहेरच्या टोकाला चार उंचवट्यांची चकती, प्रत्येक उंचवटा ३ मिमी. तिच्यावर टेकलेली अर्धा मिमी जाडीची स्प्रिंगची पट्टी, जी प्रत्येक उंचवट्यावरून सुटली की जाळीच्या चौकटीवर आपटते. मिनिटाला ६० फेऱ्या धरल्या तर २४० ठोके होतात. इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, जाळीची चौकट स्क्रूने डब्याला घट्ट आवळली जाते, मग ठोका जाळीला न बसता सगळ्या डब्यात विरतो. चौकट खाचेत अर्धा मिमी सैल बसली पाहिजे. दुसरी, चकतीचे दात करवतीसारखे एका बाजूने उभे केले जातात. ठोका खणखणीत बसतो खरा, पण कुणी दांडा उलटा फिरवला की दात पट्टीत अडकून ती मुडपते. घरात उलटा फिरवणारं कुणीतरी असतंच. दोन्ही बाजूंनी गोलसर उंचवटे करा, ठोका थोडा मऊ पडला तरी चालेल.

दांडा किती जोरात फिरवायचा यालाही मर्यादा आहे. ५० मिमी त्रिज्येवर मिनिटाला साधारण १३४ फेऱ्या झाल्या की बाहेर फेकणारा जोर पिठाच्या वजनाइतका होतो. मग पीठ पडत नाही, भिंतीला चिकटून गोल फिरतं. ६० फेऱ्यांना हा जोर वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकाच असतो. म्हणून आसेपासून मुठीपर्यंतचा दांडा मुद्दाम ६० मिमी लांब ठेवायचा. तो आखूड असला की मनगट आपोआप वेगात फिरतं.

जाळीच्या नंबराबद्दल तुम्ही विचारलंत की ‘तीस नंबर’ दोन ठिकाणी घेतली तर पीठ वेगवेगळं का पडतं. नंबर म्हणजे एका इंचात किती भोकं, एवढंच. तारेची जाडी त्यात येत नाही. तीस नंबरात एका भोकाचा आणि एका तारेचा मिळून हिस्सा ०.८५ मिमी. तार ०.२५ मिमी असेल तर भोक ०.६० मिमी आणि जाळीचा अर्धा भाग मोकळा. तार ०.३२ मिमी असेल तर भोक ०.५३ मिमी आणि मोकळा भाग ३९ टक्क्यांवर येतो. म्हणजे त्याच नंबरात पीठ जास्त बारीक आणि चाळायला वेळही जास्त. प्रयोगशाळेच्या चाळण्यांसाठी आयएस ४६० हे भारतीय मानक आहे, तिथे चाळणी भोकाच्या मापाने ओळखली जाते. जाळी विकत घेतानाही नंबर आणि तारेची जाडी अशा दोन्ही गोष्टी सांगून घ्या. पोळीच्या पिठाला ०.६० मिमी, बेसनाला आणि मैद्याला ४० नंबर व ०.२० मिमी तार, म्हणजे ०.४३ मिमीच्या आसपास. चकलीच्या भाजणीला २० नंबर पुरे. तिन्हींच्या चौकटी एकाच मापाच्या केल्या की डबा एकच लागतो.

पावसाळ्यात अडकण्याचं कारण गंज कमी आणि पीठ जास्त. आस ज्या भोकातून बाहेर येते तिथे पीठ शिरतं, खाडीकडच्या दमट हवेत ओलं होतं, वाळून कडक होतं. गोल डब्याच्या फिरकीत आस पिठात बुडालेली असते, त्यामुळे हे टळतच नाही. पन्हळीच्या रचनेत पीठ आसेच्या खालीच ठेवता येतं. हिशोब करा: ५० मिमी त्रिज्येचा अर्धा नळा, १४० मिमी लांब, म्हणजे ५५० मिली. मोकळं पीठ मिलीला साधारण अर्धा ग्रॅम भरतं, म्हणजे आसेपर्यंत २७५ ग्रॅम. एका वेळी २५० ग्रॅमच घाला, आसेची भोकं कोरडी राहतात. बुश (आस ज्यात फिरते त्या कड्या) नायलॉनचे नकोत, नायलॉन ओल शोषून फुगतं आणि आसेला आवळतं. डेलरिनचे (ओल फारशी न शोषणारं कडक प्लास्टिक) घ्या, आसेभोवती ०.२ मिमी मोकळीक ठेवा, आणि ते वरून उघड्या खाचेत बसवा, म्हणजे आस हाताने उचलून बाहेर काढता येते. तेल अजिबात घालायचं नाही.

पत्रा आणि जाळी ३०४ या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचीच हवी. स्वस्तात २०२ दिलं जातं आणि आपल्याकडच्या हवेत त्याच्यावर लवकर तांबूस ठिपके येतात. लोहचुंबकाची परीक्षा इथे फसवी आहे: चुंबक न चिकटण्यात दोन्ही सारखी, उलट ३०४ ची ओढून बारीक केलेली तार थोडी चिकटतेही. २०२ मध्ये मॅंगेनीज जास्त असतं, आणि पत्र्याच्या व्यापाऱ्याकडे मॅंगेनीज दाखवणारं द्रव असतं, त्याचा थेंब टाकून बघायला सांगा.

धुण्याबद्दल. रोज धुवायचीच नाही. चौकट काढून कोरड्या ब्रशने खालच्या बाजूने झटकायची. धुवायची वेळ आलीच तर आधी थंड पाणी. गरम पाणी घातलं की साधारण ६० अंशांच्या पुढे गव्हातल्या स्टार्चची खळ होते आणि भोकाभोकात बसते, मग घासून जाळी ढिली पडते. धुतल्यावर पंख्याखाली पूर्ण वाळवा. चौकटीत जाळीची कड दुमडून पट्टीच्या आत स्पॉट वेल्डने (ठिपक्याठिपक्यांच्या जोडाने) बंद झाली पाहिजे. उघडी तारांची टोकं तुटून पिठात पडतात, आणि दुमडीत फट राहिली तर तिथलं पीठ किड्यांचं घर होतं.

किड्यांच्या बाबतीत मात्र मी सरळ तुमच्या बाजूने आहे. पिठातला तांबडा किडा ३ ते ४ मिमीचा, तो पिठाच्या चाळणीत वर राहतो. पण फिरत्या दांडीखाली तो किंवा त्याची अळी सापडणार नाही याची खात्री दीड मिलिमीटरची फटही देत नाही. शंका असलेलं पीठ आधी सपाट चाळणीत, उजेडात, डोळ्यांसमोर चाळायचं. जाळं किंवा अळ्या दिसल्या तर चाळून वापरण्याचा विचारही नको: अंडी पाऊण मिलिमीटरहून लहान आणि त्याहून अरुंद असतात, ती ०.६० च्या भोकातून खाली जाऊ शकतात.

तशीच गोष्ट मोठ्या दळणाची. पाच किलो दळण आणलं तर फिरकीला वीस घाणे घालावे लागतील. २५ सेमी व्यासाच्या सपाट चाळणीला ४९० चौ. सेमी जाळी मिळते, या पन्हळीला २२०. तिथे साधी चाळणीच जिंकते, आणि दळण गरम असताना चाळूही नका, आधी कागदावर पसरून निवू द्या, नाहीतर वाफेने गुठळ्या होतात. अनारशाचं पीठही फिरकीत घालू नका, ते ओलसर असतं आणि जाळीला लिंपलं जातं. फिरकीची जागा रोजच्या पाव-अर्ध्या किलोला आहे, अरुंद ओट्यावर, एका हाताने. ज्यांच्या मनगटाला किंवा खांद्याला चाळणी हलवणं सोसत नाही त्यांना ती खरी उपयोगी पडते. तुमच्या प्रतिक्रियेत ही माणसं आली नव्हती, आणि माझ्या मते यंत्र करायचं तर मुख्यतः त्यांच्यासाठीच.

कुठे करून मिळेल, हे विचारलंत. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात पत्रा कापणारे, तार वाकवणारे आणि स्पॉट वेल्ड करणारे छोटे कारखाने आहेत. एक नग सांगितला तर बहुतेक नाही म्हणतील, पाच-सहा जणांनी मिळून गेलात तर ऐकतील. पत्रा ०.८ मिमी, सगळ्या कडा दुमडलेल्या, आणि दीड मिलिमीटरची फट चित्रावर ठळक लिहून द्या. सांगितलं नाही तर कारागीर ‘पीठ राहायला नको’ म्हणून दांडी जाळीला टेकवूनच देतो.

हातात आल्यावर तपासायचं असं. एकाच दळणाचं २०० ग्रॅम पीठ सपाट चाळणीत चाळा, २०० ग्रॅम फिरकीत, जाळी दोन्हीकडे सारख्या भोकाची. वर उरलेला कोंडा एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर वेगवेगळा तोला. समजा सपाट चाळणीत १२ ग्रॅम आणि फिरकीत ११ उरला, तर फिरकी बरोबर आहे. ७-८ च भरला, तर कोंडा ढकलला जातो आहे: दांडी कुठे टेकते ते बघा, फट २ मिमी करा आणि पुन्हा तोला. उलट फिरकीत १५-१६ उरला तर पीठच वर राहतंय, तेव्हा फटीला हात लावू नका, ठोक्याची पट्टी चौकटीवर नीट आपटते का ते आधी बघा.